भिंतीच्या नशिबी परदेशगमन

कळव्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं होतं, पण विज्ञानाकडे ढुंकून बघायला कुणाला वेळ नव्हता. मुलांनी केलेले मातीचे ज्वालामुखी आपापले धुमसून विझून गेले. सगळी झुंबड संगणकाच्या खोलीशी. सरकारी योजनेतून आलेला हा शाळेतला एकुलता एक संगणक. एरवी मुलांनी तो काचेतून बघायचा, हात लावायचा नाही. आज मात्र तो भविष्य सांगत होता!

"चपला बाहेर काढा! चपलांमधून व्हायरस आत येतो!" संगणकाचार्य शिवराम ओरडत होते. अंगात सफारी, कपाळाला गंध, मुक्काम डोंबिवली. "या यंत्रात रॅम असते. रॅम म्हणजे कोण? आपला राम! अख्खी भृगुसंहिता मी या चकतीत भरली आहे. नाव सांगा, जन्मवेळ सांगा!"

नाव टाइप झालं की पडद्यावर तारे लुकलुकत, यंत्र टूं टूं करी आणि इंग्रजी अक्षरांत मराठी भविष्य उमटे. बघणारे हात जोडत.

या आचार्यांना शाळेत आणलं होतं प्रभाकर गुप्ते सरांनी, आणि सर होते विज्ञानाचे शिक्षक. टेंभी नाक्यापासून आंबिवलीपर्यंत जिभेवर जळता कापूर ठेवून बुवाबाजीचं पितळ उघडं पाडणारे म्हणून त्यांची ख्याती. ती ख्याती सगळ्यांत जास्त त्यांना स्वतःलाच ठाऊक होती.

"बुवाला पोट असतं, म्हणून तो खोटं बोलतो," सर पालकांना समजावत होते. "यंत्राला पोट नाही. ते कशाला खोटं बोलेल?"

पहिला मान अर्थातच सरांचा. भविष्य आलं, 'परदेशगमन. विद्वानांत मानसन्मान.' सर हसून "गंमत आहे" म्हणाले, आणि घरी जाताच बायकोला त्यांनी विचारलं, "सुमती, आपला लोकरीचा कोट कुठे गं?"

"कळव्यात? फेब्रुवारी संपत आला तरी?"

"जर्मनीत थंडी असते," सर गंभीरपणे म्हणाले.

प्रदर्शनात सरांनंतर मुख्याध्यापकांना 'वृद्धापकाळी संततीसुख' मिळालं होतं. ते लाजले. मग दहावीतली हेमा पुढे झाली. वर्गात सगळ्यांआधी हात वर करणारी मुलगी. तिच्यासाठी यंत्राने टूं टूं केलं आणि सांगितलं, 'विद्येत अपयश. प्रयत्न व्यर्थ.'

सोमवारी हेमा शाळेत आली नाही. मंगळवारीही नाही. बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. सर तिच्या आईला शोधत मासळीबाजारात गेले. मंजुळा कोळंबीची पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. शेजारी हेमा मान खाली घालून कोळंबी सोलत होती.

"मंजुळाबाई, पोरीची परीक्षा आहे."

"नापास व्हयाला कशाला बसवायची, मास्तर? तवर बाजार शिकंल. स्थळ पन बघतेय मी."

"अहो, नापास होईल असं कुणी सांगितलं?"

"तुमच्या मशीननी. मशीनला पोट नाय, ते खोटं बोलत नाय, असं तुमीच बोललाव ना?"

सर हेमाकडे वळले. हेमाने मान वर केली नाही, हे त्यांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी संगणकाची खोली उघडली. शंका अजूनही यंत्रावर नव्हतीच! हेमाची जन्मवेळ चुकली असेल, एवढंच त्यांच्या मनात. शनिवारच्या पुढच्या खेपेसाठी आचार्यांनी ठेवलेली चकती तिथेच होती. सरांनी यंत्र सुरू केलं, हेमाचं नाव टाकलं. उत्तर आलं, 'परदेशगमन. विद्वानांत मानसन्मान.'

सरांना आधी थोडा हेवा वाटला. माझं भविष्य हिला कसं? पुन्हा तेच नाव टाकलं, तर हेमाला वृद्धापकाळी संततीसुख! तिसऱ्यांदा, विद्येत अपयश.

सरांनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं आणि समोर दिसलं ते टाइप केलं, 'भिंत'. भिंत परदेशी निघाली.

ते तसेच शिक्षकांच्या खोलीत धावले आणि गणिताच्या मंदाकिनीबाईंना घेऊन आले. बाईंनी संगणकाचं प्रशिक्षण घेतलेलं होतं. एक शब्द टाइप करताच अख्खा प्रोग्राम पडद्यावर उलगडला.

"भृगुसंहिता कुठे आहे यात?" सरांनी विचारलं.

"संहिता कसली! आठ वाक्यं आहेत. यंत्र त्यातलं एक उचलतं. उचलण्याचा क्रम यंत्र चालू केलं की दरवेळी तोच. नाव नि जन्मवेळ नुसती विचारतो, वापरत कुठेच नाही."

"म्हणजे त्या दिवशी तिसरं जे कोणी आलं असतं..."

"ते नापास झालं असतं. तुम्ही असता तर तुम्ही."

शनिवारी आचार्य पुन्हा आले, गर्दीही आली. सरांनी मंजुळा आणि हेमाला आग्रहाने बोलावून पुढे बसवलं होतं. त्यांनी यंत्र सर्वांसमोर बंद करून सुरू केलं.

"आज पहिलं नाव, भिंत."

"जन्मवेळ?" आचार्य सवयीने बोलून गेले.

"गवंडी जेवून आले ती."

तारे लुकलुकले, टूं टूं झालं. 'परदेशगमन. विद्वानांत मानसन्मान.'

"भिंतीलाही आत्मा असतो!" आचार्य घाईने म्हणाले.

"असेल. पण पासपोर्ट?" मंदाकिनीबाईंनी विचारलं, आणि खोली हसण्याने दणाणली. बाईंनी ती आठ वाक्यं सर्वांना वाचून दाखवली, यंत्र बंद-चालू करून तोच क्रम पुन्हा आणून दाखवला. तोवर आचार्य चपला शोधत बाहेर पडले होते.

गुप्ते सर उभे राहिले.

"जन्मभर मी लोकांना कापूर खाऊन दाखवला आणि इथे अख्खा बुवा गिळला! यंत्राला पोट नसतं, पण त्याच्यात वाक्यं भरणाऱ्याला असतं, हे मला कळलं नाही. मंडळी, बुवा सांगो, यंत्र सांगो की विज्ञानाचा मास्तर सांगो, विचारा, कशावरून? पुन्हा करून दाखव म्हणा. आणि हे यंत्र शिकण्यासाठी आलंय, हात जोडण्यासाठी नाही. सोमवारपासून मुलं स्वतः ते चालवतील, बाई शिकवतील."

मग ते मंजुळेकडे वळले. "चूक माझी. हेमाला परीक्षेला बसवा. मी छातीठोक सांगतो, ती पहिल्या वर्गात..."

"र्‍हाऊ दे, मास्तर," मंजुळा उठत म्हणाली. "आता तुमी नका भविष्य सांगू. तिचे आठ दिस बुडलेत, तेवढं शिकवा."

हेमाने दप्तर उघडलं.