खालच्या बांधीला पाणी

भाऊबीज होऊन गेली होती आणि रुख्माबाईचा धान कापून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, पडला होता. रस्त्यापासून खालच्या धुऱ्यापर्यंत, शेताच्या मातीच्या बांधापर्यंत, नुसत्या पिवळ्या कडपा. कापलेला धान मुठीमुठीनं असा जमिनीवर आडवा पसरतात, त्याला ऊन खाऊ देतात, मग भारे बांधून खळ्यावर नेतात.

महागूनं एक लोंबी तळहातावर चोळली, दाणा दाताखाली धरला. कट्ट आवाज झाला.

"वाळला व. आज बांधून टाकू."

"अजून एक ऊन खाऊ द्या जी."

"काहून? वाळला म्हणतो न."

"तुमाले काय समजते? ओला दाणा चक्कीत तुटते. मग कणीच खा वर्षभर."

महागूनं आभाळाकडे पाहिलं. ते धुतल्यासारखं स्वच्छ होतं. बायकोशी वाद घालण्यापेक्षा बिडी पेटवणं त्याला बरं वाटलं.

दाणा वाळला होता हे रुख्माबाईलाही कळत होतं. पण तिची धाकटी जाऊ पुष्पलता भाऊबीजेला उकव्याला माहेरी गेली होती आणि उद्याच्या बसनं परत येणार होती. बस थांबते ती रुख्माबाईच्या बांधीसमोरच. आज भारे बांधले तर पुष्पलताला रिकामी बांधी दिसली असती. रुख्माबाईला तिला भरलेली बांधी दाखवायची होती.

वाटणीत वरची बांधी थोरल्या महागूकडे आली, खालची धाकट्या प्रेमलालकडे. मधे एक धुरा. प्रेमलाल तिरोडीच्या खाणीत कामाला, म्हणून खालची शेती पुष्पलताच पाहत होती. आणि ती अशी पाहत होती की गावातली माणसं पेरणीच्या आधी तिच्या दारावरून जाताना हटकून थांबत. रुख्माबाईच्या दारासमोर कोणी थांबत नसे.

मागच्या वर्षी पुष्पलतानं हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान लावला होता. रुख्माबाईनं भारी, उशिरा पिकणारा. पुष्पलताचा धान दिवाळीआधी घरात गेला आणि त्यानंतर आलेल्या पावसानं रुख्माबाईचा उभा धान चटईसारखा निजवला. त्याच आठवड्यात पुष्पलता नव्या तांदळाची खीर घेऊन आली. "बाई, तोंड गोड करा." रुख्माबाईनं वाटी ठेवून घेतली आणि ती गेल्यावर खीर गाईपुढे ओतली.

म्हणून यंदा रुख्माबाईनं हलका धान लावला. तोच वाण, त्याच दुकानातून आणलेला. रोवण्याच्या दिवशी मात्र खालच्या बांधीत भारी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उतरलेले पाहून ती धुऱ्यावरच थबकली.

"काहून व पुष्पा, यंदा भारी?"

"असंच बाई. मन झालं."

मन झालं! रुख्माबाईला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही. हिला काहीतरी ठाऊक आहे आणि ही सांगत नाही, एवढंच तिनं त्यातून काढलं.

पण दसऱ्यापासून पाऊस गेला तो गेलाच. नहराचं, कालव्याचं पाणी शेवटच्या बांध्यांपर्यंत पोचेना. रुख्माबाईचा हलका धान तोवर पिकून गेला होता, त्याला पाणी नकोच होतं. पुष्पलताचा भारी धान मात्र नेमका दुधात होता, दाणा भरायचा होता, आणि बांधीला भेगा पडल्या होत्या. रुख्माबाई रोज काही ना काही निमित्त काढून धुऱ्यावर जायची. पायाचा अंगठा भेगेत घालून पाहायची. कितीतरी वर्षांनी तिला गाढ झोप लागत होती.

महागूनं लोंबी चोळून पाहिली त्याच दुपारी पाऊस आला. महागूची जेवणानंतरची डुलकी पुरी व्हायच्या आत आभाळ काळं झालं, वारा सुटला. दोघं धावत बांधीवर पोचेपर्यंत पहिल्या कडपा भिजल्या होत्या. हाती लागेल तेवढा धान त्यांनी रस्त्याच्या कडेला ओढला, ताडपत्री टाकली. ती एका कोपऱ्यालाही पुरली नाही. रस्ता दोन वर्षांपूर्वीच उंच झाला होता आणि त्याच्या मोरीचं तोंड महागूच्या बांधीत उघडत होतं. वरच्या साऱ्या माळाचं पाणी त्या तोंडातून आत येत राहिलं.

सकाळी पाऊस थांबला. बस आली. पुष्पलता हातात पिशवी घेऊन उतरली आणि समोर पाहतच राहिली. बांधीत घोटाभर पाणी, पाण्यावर तरंगणाऱ्या कडपा, आणि मधोमध लुगडं खोचून उभी असलेली रुख्माबाई.

"अगाई! बाई, हे काय झालं व?"

"दिसून नाही राह्यलं का?"

"मोबाइलवर तर धूप दाखवे. मी घरी आईले म्हटलं, बाईचं बरं झालं, ऊन आहे."

"तुह्या मोबाइलले सांग मंग."

 पुष्पलताची नजर खाली स्वतःच्या बांधीकडे गेली. रुख्माबाईनं ती नजर बरोबर टिपली. खालच्या भेगांनी पडलेला पाऊस पिऊन टाकला होता. माती ओली झाली होती, पण पाणी उभं नव्हतं. धानाला अजून हवं होतं.

महागू फावडं घेऊन धुऱ्याकडे निघाला. पाणी काढायची वाट ती एकच होती. फक्त रीत अशी की खालच्याला विचारल्याशिवाय वरच्यानं धुरा फोडायचा नाही. विचारायला तो तोंड उघडणार, तेवढ्यात रुख्माबाईनं हाक मारली.

"कुठं चालले जी?"

"धुरा फोडतो. पुष्पा उभीच आहे."

"नाही फोडायचा."

"मंग पाणी कुठं जाईन? तुह्या डोक्यावरून?"

"घमेल्यानं फेकू. रस्त्याच्या पल्याड."

महागूला वाटलं, बायको धक्क्यानं बडबडते आहे. पण रुख्माबाईनं खरंच घमेलं उचललं. सकाळभर ती पाणी उपसून रस्त्यापलीकडे फेकत राहिली. ते पाणी पलीकडच्या नालीतून फिरून मोरीतून परत आत येत होतं. हे महागूनं दोनदा दाखवून दिलं. दोन्ही वेळा तिनं ऐकलं आणि पुन्हा घमेलं भरलं.

तिच्या डोक्यात हिशोब सरळ होता. धुरा फोडला की हे पाणी खालच्या बांधीत जाणार. पुष्पाच्या धानाला हवं तेव्हा, हवं तेवढं. आपला धान सडवणाऱ्या पाण्यानं तिचा दाणा भरणार, आणि मग गाव म्हणणार, पुष्पलतानं यंदाही बरोबर ओळखलं.

दुपारी पुष्पलता धुऱ्यावर आली.

"बाई, फोडा न. माह्याकडून हौ आहे."

"तुही हौ कोणी मागतली?"

"तुमचा धान चालला व!"

"माहा चालला न? तुह्या पोटात काहून दुखते? तुले पाणी पाह्यजे म्हणून आली तू."

"पाणी पाह्यजेच आहे," पुष्पलता म्हणाली. "खोटं काहून बोलू? पण म्हणून तुमचा धान सडू द्यायचा का? मीच फोडू का?"

"हात लावून पाह्य."

पुष्पलतानं महागूकडे पाहिलं. महागूनं नजर चुकवून बिडी शोधली. पुष्पलता घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, तेही कडक. बांधीतून आंबूस वास यायला लागला. महागूनं पाण्यातून एक लोंबी ओढून बायकोच्या हातावर ठेवली. दाण्यांच्या टोकाशी पांढरे कोंब फुटले होते, उंदराच्या दातांएवढे. रुख्माबाईनं दुसरी लोंबी काढली. तिसरी काढली. काही दाणे अजून साबूत होते. संध्याकाळपर्यंत राहिले नसते.

तिनं नवऱ्याच्या हातातलं फावडं घेतलं, धुऱ्यावर गेली आणि घाव घातला. माती ओली होती, चटकन सुटली. पाणी आधी झिरपलं, मग धार लागली, मग धुऱ्याचा हातभर तुकडा आपसूक वाहून गेला. खाली पुष्पलता केव्हाची उभी होती कोण जाणे. तिनं आपल्या बांधीचं खालचं तोंड दोन फावड्यांत बंद केलं, थेंबही वाया जाऊ नये म्हणून. मग पाण्याला वाट करून देत ती एकेका भेगेपाशी फिरली. पाणी भेगांत शिरताना बुडबुड आवाज होत होता. रुख्माबाईला तो आवाज शेवटपर्यंत ऐकावा लागला.

खालची बांधी भरली, पण वरचं पाणी अजून संपलं नव्हतं. तेव्हा पुष्पलतानं स्वतःच बंद केलेलं तोंड पुन्हा उघडलं आणि उरलेलं पाणी पुढच्या बांध्यांना जाऊ दिलं. मग लुगडं खोचून ती वर आली आणि न विचारता कडपा उचलायला लागली.

"राहू दे," रुख्माबाई म्हणाली.

"हौ, राहू देतो," पुष्पलता म्हणाली आणि उचलत राहिली.

प्रश्न वाळवायचा होता. खळं चिखलानं भरलं होतं. महागूचं घर कवेलूचं, अंगण मातीचं. पक्का स्लॅब त्या गल्लीत एकच होता, प्रेमलालचा. महागूनं बायकोला विचारलं नाही. पहिला भारा डोक्यावर घेतला आणि सरळ भावाच्या जिन्यानं वर गेला.

अर्धा धान गेला, अर्धा हाती लागला. पुढचे काही दिवस रुख्माबाई जावेच्या गच्चीवर बसून कोंब फुटलेले दाणे वेगळे करत होती. तिथून खालची बांधी पूर्ण दिसायची. वळलेली पानं उलगडली होती. लोंब्या जड होऊन खाली झुकायला लागल्या होत्या. रुख्माबाई त्या बाजूला पाठ करून बसायची, आणि सूप हलवताना दर वेळी मान वळायची.

शेजारची गोदाबाई एका दुपारी वर डोकावली.

"पुष्पाचा धान पाह्यला का व? काय उठला! यंदा बी तिनंच बरोबर ओळखलं."

रुख्माबाईला याचीच भीती होती आणि याचं उत्तरही तिनं तयार ठेवलं होतं.

"ओळखलं कायचं? पाणी माहं आहे ते. माह्या बांधीतलं. मी धुरा फोडला म्हणून उठला तो."

गोदाबाईनं भुवया वर केल्या. जिन्यातून पुष्पलता चहाचे कप घेऊन येत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आता ही भांडेल, नाही म्हणेल, मग आपण चारचौघांत दाखवून देऊ, म्हणून रुख्माबाई सरसावून बसली.

"हौ काकू," पुष्पलता गोदाबाईला म्हणाली. "बाईचंच पाणी. नाहीतर पोचट झाला असता सारा."

आणि तिनं पहिला कप रुख्माबाईपुढे ठेवला.

रुख्माबाईनं सूप एवढ्या जोरात आपटलं की निवडलेले आणि न निवडलेले दाणे पुन्हा एकत्र झाले. भांडायलासुद्धा ही बाई जागा ठेवत नव्हती.