तारेने बांधलेला ट्रक

मी एक ट्रक आहे, पण माझ्या पोटात डिझेलचा थेंब कधी पडला नाही आणि माझ्यावर कांद्याची गोणीही कधी चढली नाही. मी खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा आहे. लांबी हातभर, चाकं चार, मोटारी दोन: एक पळवायला, एक वळवायला. रिमोटवर चालतो. सपाट रस्त्यावर माझं काही काम नाही, मला दगडधोंड्यांतून चढण्यासाठी बनवलं आहे. सध्या तेही बंद आहे. मी काचेच्या कपाटात उभा आहे, त्यामुळे बोलायला वेळच वेळ आहे.

ट्रक होण्याआधी मी एका खोक्यात सातशे-आठशे तुकडे होऊन पडलो होतो. भोकाभोकांचे दांडे, त्यांना जोडणाऱ्या करंगळीच्या नखाएवढ्या पिना, गिअर, चाकं. त्या अवस्थेत काही वाटत नाही, बरंही नाही आणि वाईटही नाही. हर्षाली बोरस्तेने ते खोकं आडगाव नाक्याजवळच्या आपल्या घरी आणलं आणि वडिलांच्या पुढ्यात ठेवलं.

वडील म्हणजे बारकू बोरस्ते. मूळचे निफाडकडचे, ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं फिटर. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांना अर्धांगवायूचा हलका झटका आला. चालणं-बोलणं सुधारलं, पण उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं काही कामावर रुजू होईनात. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "काका, बोटांना रोज काम द्या. चिमटीत धरा, दाबा, ओढा. आत्ता केलं तर ताकद येईल. हात नुसता ठेवून दिलात तर आहे तीही जाईल." त्यांनी एक रबरी चेंडू दिला. बोरस्त्यांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी फ्रिजवर ठेवून दिला.

"हे काय पोरांचं आणलं?" खोकं बघून ते म्हणाले.

"पोरांचं नाही पप्पा, आत गिअरबॉक्स आहे," हर्षाली म्हणाली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. समोरच्याला बोलण्यात गुंतवून सुई टोचायची तिला सवय आहे.

गिअरबॉक्स म्हटल्यावर बोरस्त्यांनी चष्मा लावला. पुढचे तीन आठवडे त्यांनी जेवणाचं टेबल कोणाला मिळू दिलं नाही. सरिताबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, ताटं घेऊन खाली बसू लागल्या.

पहिल्यांदाच असा ट्रक बांधणारे बहुतेक लोक मोटार सरळ चाकाला जोडतात. गाडी फरशीवर सुसाट पळते आणि पायपुसण्यापुढे हात टेकते. बोरस्त्यांनी ती चूक केली नाही. बारका गिअर मोठ्याला लावायचा, त्याच्या दांड्यावर परत बारका, तो परत मोठ्याला. वेग जातो, जोर येतो. "हळू चालंल, पण चढंल," ते सरिताबाईंना म्हणाले. सरिताबाई मेथी निवडत होत्या. "चढू द्या," त्या म्हणाल्या.

चूक झाली ती पिनांत. आमच्यातली पिन भोकात पूर्ण गेली की 'टक्' असा आवाज येतो. मग ती आपोआप सुटत नाही. माझ्या अंगात अडीचशेच्या वर पिना होत्या आणि तो आवाज मी जेमतेम तीस-चाळीस वेळा ऐकला. बाकीच्या अर्ध्यावर अडकल्या. अंगठ्यात तेवढा जोर नव्हता. डाव्या हाताने दाबावं तर उजव्याला दांडा घट्ट धरता येईना. मोटार चालू केली की मी थरथरायचो आणि एकेक पिन मागे सरकून गळून पडायची.

दुसरा माणूस असता तर त्याने मुलीला हाक मारली असती. बोरस्त्यांनी कपाटातून तार पिळायची पकड काढली.

कारखान्यात विमानाचा बोल्ट नुसता आवळून भागत नाही. तो कंपनांनी सैल होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यातून बारीक तार ओवून पिळा घालतात. त्या कामाची खास पकड असते. तारेची टोकं तोंडात धरायची आणि मागची मूठ ओढायची, की तार आपोआप पिळली जाते. हे सगळं डाव्या हाताने जमतं. बोरस्त्यांनी माझ्या सांध्यासांध्याला तार घातली. पुढच्या चाकांचा अ‍ॅक्सल मधल्या एका पिनेवर झुलत होता, त्यालाही त्यांनी चारी बाजूंनी जखडून टाकलं. हलतंय ते ढिलं आणि ढिलं ते वाईट, असं त्यांचं चौतीस वर्षांचं मत होतं.

हर्षाली तारा बघून हरखली. "पप्पा, विमानासारखं केलंय!" तिने व्यायामवाल्या बाईंना फोन करून कळवलं की बोटं छान चालायला लागली आहेत. बाई म्हणाल्या, मग आता मी आठवड्यातून एकदाच येते. पिना आत जात नव्हत्या, म्हणजे बोटं तसूभरही सुधारली नव्हती, आणि हे त्या घरात फक्त बोरस्त्यांना आणि मला ठाऊक होतं. मी काही बोलू शकत नव्हतो. ते बोलू शकत होते.

म्हसरूळला चामरलेणीच्या डोंगराच्या पायथ्याशी रविवारी सकाळी काही लोक असले ट्रक घेऊन जमतात, हे हर्षालीने शोधून काढलं. ती आम्हा दोघांना घेऊन गेली. तिथे वेदिका नावाची इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी होती. तिचा ट्रक पार कळकट होता, पण दगडावरून असा जायचा की बघत राहावं. मला ढेकळाएवढ्या दगडावर सोडलं आणि माझं पुढचं एक चाक हवेत उचललं गेलं. मोटारीचा सगळा जोर त्या एका चाकात गेला. ते गरगर फिरत राहिलं, बाकीची तीन बसून राहिली आणि मग मी आडवा झालो. असं चार वेळा झालं.

वेदिकाने मला उचलून बघितलं. "काका, पुढचा अ‍ॅक्सल बांधलाय का तुम्ही? तो झुलायला पाहिजे. एक चाक वर गेलं की दुसरं खाली जायला पाहिजे."

"हलतंय म्हंजे ढिलं. आम्ही असला पार्ट पुढं जाऊ देत नव्हतो."

"विमानाला बरोबर आहे काका. पण ह्याला दगडाप्रमाणे वाकावं लागतं ना. सगळ्याच तारा काढू या, नुसतं वजन आहे. पिना आपोआप धरून ठेवतात." तिने खिशातून छोटी कात्री काढली.

"नको. राहू दे," बोरस्ते म्हणाले.

"काढू द्या ना पप्पा," हर्षाली म्हणाली. "तुम्ही एवढ्या पक्क्या बसवल्यात पिना, काय होतंय?"

तिला खरंच तसं वाटत होतं, थट्टा नव्हती. मग बोरस्त्यांनी कात्री मागून घेतली आणि डाव्या हाताने एकेक तार स्वतः तोडली. पुढे काय होणार ते त्यांना नीट माहीत होतं. सातवी-आठवी तार तुटली तसा मी मधून उकललो आणि दगडांत विखरून पडलो. मला त्या वेळी लाज वाटली, आणि ती माझी नव्हती.

हर्षालीने एक दांडा उचलला. त्यातली पिन अर्ध्यावर होती. दुसरा उचलला, त्यातही तसंच.

"कधीपासून, पप्पा?"

"पयल्यापासनं. जोरच लागत नाय गं. लय केलं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तुकडे गोळा करायला वाकली तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे, मी करतो." त्यांनी दांडा दगडावर टेकवला, पिनेवर उजवा अंगठा ठेवला आणि खांद्यासकट सगळं अंग त्यावर टाकलं. पिन निसटली. पुन्हा ठेवली. सहाव्या का सातव्या खेपेला टक् झालं. ऊन चढेपर्यंत अकरा पिना बसल्या. अंगठ्याला लाल वळ उठला होता आणि घरी जाताना ते पोरासारखे बडबडत होते.

त्यानंतर बाई परत रोज येऊ लागल्या आणि मी तारेशिवाय उभा राहायला चार महिने लागले. बाराव्या आठवड्यानंतर ते दांडा हातातच धरून पिन दाबू लागले. पुढचा अ‍ॅक्सल झुलता ठेवला, नाराजीने का होईना. पावसाळा संपल्यावर मी म्हसरूळचा तोच दगड चढलो. वेदिकाने शिट्टी मारली. सरिताबाई मुद्दाम बघायला आल्या होत्या. त्यांनी मला पेढा दाखवला आणि नवऱ्याला भरवला.

इथवर सगळं ठीक झालं. त्याच संध्याकाळी बोरस्त्यांनी मला पुसून काचेच्या कपाटात ठेवलं. तेव्हापासून पाच महिने मी इथेच आहे. माणसांना एखादी गोष्ट आवडली की तिला ते कामातून काढतात, ही त्यांची रीत मला अजून कळलेली नाही. हर्षाली दोनदा म्हणाली, "हा मोडा आणि नवीन बांधा." ते म्हणाले, "याला हात लावायचा नाय. लय कष्टानं झालाय." ते रोज माझ्याकडे बघतात. हात मांडीवर नुसता पडलेला असतो. गेल्या आठवड्यात चहाचा कप निसटला आणि आज सकाळी बाईंनी त्यांच्या चिमटीचा जोर तपासून नकारार्थी मान हलवली.

आता दुपार आहे आणि बोरस्त्यांनी काच सरकवली आहे. वर्तमानपत्र पसरून मला त्यावर ठेवलं आहे. मग त्यांनी माझ्या पुढच्या बंपरची पिन चिमटीत धरली. ती घट्ट आहे. त्यांनीच तशी बसवली आहे. अंगठा घसरला, पुन्हा धरला, पुन्हा घसरला.

बोरस्ते, माझी काळजी करू नका. तुकडे झाल्यावर काही वाटत नाही, हे मी सुरुवातीच्या अनुभवावरून सांगतो. अडीचशेच्या वर पिना आहेत, म्हणजे दोन-तीन महिन्यांचं काम आहे. नखाने नको, बोटाच्या पेराने धरा. हां, असं. हलली बघा. आता सोडू नका, ओढा.