काणी मोटार

उजेडनाथ महाराजांचे दोन पाय तेवढे दिसत होते. बाकीचे महाराज घोंगड्याखाली होते आणि घोंगडं नानासोंच्या मोटारीच्या डाव्या दिव्यावर. पिंपरी फाट्यावर दिवेलागणीला सारा गाव लोटला होता. मोटारीतले उतारूही खाली उतरून माना उंचावत होते. घोंगड्यातून मंत्र येत होता :

"ॐ डायनामो ह्रीं. ॐ म्याग्नेटो क्लीं. कटाउट कटाउट फट् स्वाहा."

"संस्क्रुत हाय," शेजारचा कृष्णात माझ्या कानाशी लागला. "लय जुनं."

घोंगडं हललं. महाराज घामाघूम होऊन बाहेर आले. त्यांच्या चिमटीत काचेचा एक गोळा होता, लिंबाएवढा, आतून तव्याच्या बुडासारखा काळा. त्यांनी तो हलवला. आत बारीक किणकिण झाली.

"ऐका. पैंजण वाजतंय तिचं," महाराज म्हणाले. "कोंडलीया हडळ आत. लालासाहेब, दाब बटण."

लालासाहेब ड्रायव्हरने बटण दाबलं. विझलेला डावा दिवा झगझगीत लागला. गर्दीने हात जोडले. मीही जोडले, गर्दीत आपले हात आपले राहत नाहीत.

महाराजांनी गोळा सगळ्यांना बघू दिला. काच कुठे फुटलेली नव्हती, कुठे भोक नव्हतं, आणि काळं होतं ते आतून होतं. आम्हाला काजळी ठाऊक होती ती कंदिलाची. कंदिलाची काच वरून उघडी असते, धूर आत जातो. पण ही तर चारी अंगांनी बंद. इथे काजळी शिरली कुठून? आमच्या गावात वीज नव्हती. विजेचे दिवे आम्ही पाहिले ते एवढेच दोन, नानासोंच्या मोटारीचे. मग काजळी कुठून आली हे सांगणारा जो पहिला भेटला, त्याच्या पायावर आम्ही डोकं ठेवलं.

"कुणी धाडली ही?" नानासोंनी विचारलं.

महाराजांनी डोळे मिटले. "जिला एकच डोळा, तिनं मोटार एका डोळ्याची केली."

शंभर माना एकाच वेळी बनुबाईच्या छपराकडे वळल्या.

बनुबाई फाट्यावर चहा-भजी विकायची. नवरा गेल्यापासून त्या छपरावर तिचं पोट होतं. तिच्या डाव्या डोळ्यावर पांढरा पडदा आला होता. आता घडत होतं ते असं : रहिमतपूरकडून कोरेगावला जाणारी मोटार संध्याकाळी फाट्याच्या अलीकडच्या ओढ्यात उतरायची, दगडांवरून दणके खात वर यायची आणि डावीकडच्या बनुबाईच्या छपरासमोर थांबायची. मागे एकदा डावा दिवा ओढ्यातल्या दणक्यात विझला. नानासोंनी मोडीतला जुना दिवा आणून बसवला. तोही ओढ्यातच विझला. दोन्ही वेळा मोटार काणी होऊन काण्या बाईच्या दारात उभी राहिली. एवढा पुरावा गावाला पुष्कळ झाला. ओढ्यातले दगड मात्र कुणाच्या डोळ्यांत भरले नाहीत.

शिवाय भूत सगळ्यांच्या सोयीचं होतं. भूत नसतं तर नानासोंनी लालासाहेबाला विचारलं असतं, गाडी कशी हाकतोस? आणि लालासाहेबाने नानासोंना विचारलं असतं, मोडीतला दिवा का बसवता? भुतामुळे दोघांची अब्रू राहिली. महाराजांची सोय तर त्याहून मोठी. फाट्यावर मठ बांधायला त्यांना जागा हवी होती, आणि बनुबाईच्या छपराएवढी मोक्याची दुसरी जागा नव्हती.

"छप्पर उचल, बनुबाई," नानासो म्हणाले. "मोटार बंद पडली तर अख्ख्या गावाची वाट बंद."

"उचलून जाऊ कुठं, नानासो? भावाच्या दारात, भावजयीची भांडी घासाया?"

"ते तू बघ."

"बघतीया की. माझं बघणंच तर तुमास्नी नडतंय."

कुणीतरी हसलं. तेवढ्यात मोटारीजवळून शरयूबाई पुढे आल्या. त्या मूळच्या सांगलीच्या, रहिमतपूरला मुलींच्या शाळेत शिकवायच्या आणि रोज याच मोटारीने कोरेगावला घरी जायच्या.

"महाराज, घोंगडं कशाला लागतं?" त्यांनी विचारलं.

"भूत लाजतं."

"आणि झोळी? तीही घोंगड्याखाली गेली होती. तिलाही लाज वाटते का?"

"बायामाणसांनी मोटारीत नाक खुपसू नये," मागून एकजण ओरडला.

"तिकीट काढून खुपसलंय," शरयूबाई म्हणाल्या. मग त्या बनुबाईकडे वळल्या. "तुम्ही रोज समोर बसता. दिवा जाण्याआधी त्याच्यात काही फरक दिसला होता?"

बनुबाईला कुणी असं विचारलं नव्हतं. ती बोलली, "आदी पिवळा पडला. मेणबत्तीवाणी. मग वढ्यातनं वर येताना डोळं मिचकावाया लागला. तवाच मी लालासायबाला म्हनलं, ह्यो काय टिकत न्हाई गड्या. आन् आता उजवा तसाच पिवळा पडलाय. बघा की, दोन्ही शेजारी हाईत."

आम्ही पाहिलं. डावा दुधासारखा पांढरा, उजवा हळदीसारखा. रोज मोटार बघणारे आम्ही, आणि हे आम्हाला त्या बाईने दाखवावं लागलं.

"बघा," महाराज गरजले, "आदी सांगती, मंग घालवती. चेटूक म्हंजे दुसरं काय?"

"उजवा दिवा बनुबाईंच्या छपराकडे नाही, रानाकडे असतो," शरयूबाई शांतपणे म्हणाल्या. "मग पैज लावू. महाराजांचं म्हणणं खरं असेल तर डावा जाईल, कारण नजरेसमोर तो येतो. माझं म्हणणं, उजवा जाईल, कारण तो झिजलाय. मी दोन्ही दिव्यांच्या कडांना खळीने कागद चिकटवते. कुणी हात लावायचा नाही. नानासो, डावा गेला तर बनुबाई जातील. उजवा गेला तर महाराज जातील. आहे कबूल?"

नानासोंनी बनुबाईकडे पाहिलं. तिचं सगळं होतं ते त्या छपरात. ती म्हणाली, "मला कबूल हाय."

महाराजांनीही हो म्हटलं. वर आणखी अट घातली, की बनुबाईने रोज रस्त्यावर बसून डाव्या दिव्याकडे त्या पडदा आलेल्या डोळ्याने एकटक बघायचं.

मग काही दिवस फाट्यावर जी मजा झाली तिला तोड नाही. मोटार आली की बनुबाई पाटावर बसायची, चांगला डोळा पदराने झाकायची आणि काण्या डोळ्याने दिव्याकडे बघायची. दिवा तिच्याकडे बघायचा. गाव दोघांकडे बघायचं. आणि दिवा काही जायचा नाही. एका संध्याकाळी महाराज अंगाऱ्याची चिमूट घेऊन हळूच डाव्या दिव्याकडे सरकले.

"हात मागं, महाराज," पाटावरून आवाज आला. "माझी नजर लांबनं लागती, तुमची किरपा बी लांबनंच लागू द्या."

महाराजांनी अंगारा स्वतःच्याच कपाळाला लावला.

आणि एक दिवस ओढ्यात मोटारीचा गडगडाट ऐकू आला. उजेड वर आला, हेलकावला, आणि त्यातला अर्धा गेला. मोटार चढ चढून समोर आली. बनुबाईच्या बाजूचा डावा दिवा स्वच्छ जळत होता. उजवा गेला होता. दोन्हीकडचे कागद शाबूत होते.

"भूत बाजू बदलून ऱ्हायलं," महाराज म्हणाले.

लाज वाटते सांगायला, पण चार-दोन माना तेव्हाही डोलल्या.

शरयूबाईंनी कागद फाडला आणि लालासाहेबाकडून उजव्या दिव्याची काच काढवली. आतला गोळा त्यांनी डाव्याच्या उजेडात धरला. काळा. हलवला. किणकिण.

"हेच पैंजण," त्या म्हणाल्या. "यात केसाएवढी बारीक तार असते. ती तापून पांढरी होते, तोच उजेड. रोज तापून तापून तारेचा कण न् कण उडतो आणि काचेला आतून चिकटतो. काजळी बाहेरून शिरलेली नाही, ती तार आहे. काच काळी झाली की उजेड अडतो, म्हणून दिवा मंद होतो, पिवळा दिसतो. तिकडे तार झिजत जाते. झिजलेल्या तारेला ओढ्यातला एक दणका पुरतो. तुटलेला तुकडा आत वाजतो. सांगलीला आमच्या घरी जुने दिवे असेच काळे होऊन जातात. तिथे ओढा नाही, बनुबाईही नाहीत."

"आन् डावा गेल्यावर मागनं उजवाच का गेला?" कृष्णातने विचारलं.

उत्तर बनुबाईने दिलं. "बैलजोडी एका सालात घेतली, तर एक म्हातारा झाल्यावर दुसरा काय गोऱ्हा ऱ्हातो व्हय? पयले दोन्ही एकाच दिशी बसवलं हुतं, नानासोंनीच सांगितलं हुतं माझ्याकडं च्या पिताना. एक गेला की दुसऱ्याकडं बघाया नगं?"

नानासोंनी मिशीवरून हात फिरवला. "आता रातीचं दुसरा दिवा आणू कुठनं?"

"महाराजांच्या झोळीत असंल की," बनुबाई म्हणाली.

महाराजांनी झोळी छातीशी धरली. लालासाहेबाने ती ओढून घेतली आणि मोटारीच्या बॉनेटवर उपडी केली. कापसात गुंडाळलेले चार चांगले दिवे, तीन काळे दिवे आणि एक स्क्रूड्रायव्हर.

"महाराज," लालासाहेब म्हणाला, "ह्यातली भुतं कंची आन् देव कंचा, तेवढं सांगा."

महाराज खाली बसले. गुमान कबूल केलं, बेळगावला मोटारीच्या कारखान्यात क्लीनर होतो, काम सुटलं. घोंगड्याखाली जुना दिवा काढून नवा घालायचो. मंत्रातले डायनामो, म्याग्नेटो आणि कटाउट हे मोटारीच्या पोटातलेच भाग.

"ते तर मला बी ठावं हुतं," लालासाहेब पुटपुटला. "लष्करात ऐकल्यात की. मला वाटलं, देवाला बी ठावं असत्याल."

"मग दिवा जाताना तुला कळलं कसं नाही?" नानासो त्याच्यावर घसरले.

"पल्टणीत दिवा गेला की मिस्त्री बदलायचा. मी नुसता हाकायचो. तुमच्या मोटारीला मिस्त्री कुठं हाय?"

महाराजांचाच एक दिवा उजवीकडे बसवला, मंत्राशिवाय, घोंगड्याशिवाय. लागला. महाराजांना त्याच मोटारीने कोरेगाव स्टेशनला पोचवलं.

जाताना नानासो छपरापाशी येऊन म्हणाले, "झालं गेलं इसरून जा, बनुबाई."

"इसरीन की," ती म्हणाली. "पर नानासो, मोटारीचा दिवा गेला तर तुमी सगळं गाव गोळा केलं. मंत्र केला, कागद चिकटवलं, काच खोलून आत बघितलं. माझा डोळा चार वर्सं गेलाय. त्यात काय झालंय, ते एकानं तरी बघितलं व्हय?"

शरयूबाईंनी तिथेच, मोटारीच्या उजेडात, तिचा डोळा बघितला. "मोतीबिंदू असावा. मिरजेला डॉक्टर काढतात. मी घेऊन जाते तुम्हाला."

आठ दिवसांनी बनुबाई मिरजेच्या गाडीत बसली. परत आली ती जाड भिंगाचा चष्मा लावून. गावातली भामाबाई सगळ्यांना सांगत सुटली, की दिव्याकडे एकटक बघितल्याचं फळ मिळालं. असो. बनुबाई तिला चहा देते आणि हसते.

मला अक्षरं उशिरा कळली, म्हणून थोडक्यात लिहितो. काही विझलं, काही बिघडलं, की आपण पहिल्यांदा विचारतो, कुणी केलं? या प्रश्नाला उत्तर म्हणून नेहमी एखादी बनुबाईच सापडते : एकटी, गरीब, जिच्या बाजूने बोलायला कुणी नाही. तुम्ही दुसरं विचारा. काय झिजलं? मग काच खोला आणि आत बघा. भूत सापडलं, तर मला कळवा.