तक्ता तीनशेला संपतो

अभियांत्रिकी म्हणजे माणसाने निसर्गाशी केलेला प्रामाणिकपणाचा करार आहे. हे वाक्य आमच्या ऑफिसात साहेबांच्या खुर्चीमागे काचेच्या चौकटीत लावलेलं आहे. चौकट डावीकडे कललेली आहे, आणि गेल्या नऊ वर्षांत ती सरळ करायला कुणाला सवड झालेली नाही.

आमचं काम सांगायला सोपं आहे. कारखान्यांना दाबाच्या टाक्या लागतात. आत तापलेली वाफ, बाहेर माणसं, मध्ये पोलादाचा पत्रा. तो पत्रा किती जाड हवा हे आम्ही सांगतो. पूर्वी हे गणित कागदावर करत, आता आमची स्वतःची पायथन लायब्ररी, म्हणजे संगणकावरच्या तयार प्रोग्रॅमांचा संच, करते. तिच्यात भारदस्त नावांचे विभाग आहेत आणि त्यांच्यावर साहेब परिषदांमध्ये भाषणं देतात. शिवाय एक फाइल आहे, युटिल्स. तिच्यावर कुणी भाषण देत नाही. तिच्यात किरकोळ फंक्शनं राहतात: इंचांचे मिलिमीटर कर, आकडा वरच्या बाजूला पूर्ण कर, तक्त्यात बघून सांग. घरात एक खण असतो ना, सुतळी, बिनकुलपाच्या किल्ल्या आणि संपलेले सेल ठेवायचा, तशी ही फाइल. तो खण कुणी आवरत नाही, आणि रोज दहा वेळा उघडावा लागतो तोच.

त्यातलं ‘तक्त्यात बघून सांग’ हे फंक्शन साहेबांनी स्वतः लिहिलेलं. पोलाद तापलं की नरम पडतं, म्हणून कुठल्या तापमानाला ते किती ताण सोसेल याचा तक्ता असतो. फंक्शनला तापमान सांगायचं, ते ताणाचा आकडा देतं. आमचा तक्ता तीनशे अंशांना संपतो. पोलाद तीनशेला संपत नाही. ज्या पानावरून तक्ता उतरवला त्याची मागची बाजू झेरॉक्स करायची राहिली, एवढंच. तीनशेच्या पुढचं विचारलं तर फंक्शन तीनशेचाच आकडा काढून देतं, अगदी हसतमुखाने.

ते असं का वागतं यालाही इतिहास आहे. फार पूर्वी एका मोठ्या गिऱ्हाइकासमोर प्रोग्रॅम मध्येच थांबला आणि भिंतभर पडद्यावर लाल अक्षरं आली. साहेबांना ते इतकं लागलं की त्यांनी नियम केला: आपल्या फंक्शनने पाहुण्यांसमोर रडायचं नाही. तेव्हापासून युटिल्समधलं एकही फंक्शन अडत नाही. लांबी उणे दिली तर ती अधिक करून घेतं. जागा रिकामी सोडली तर शून्य धरतं. काहीही विचारा, उत्तर मिळतं. सरकारी खिडकीवर असा माणूस असता तर त्याचा सत्कार झाला असता.

मला हे सोमवारी कळलं. अकरा वर्षं मी इथे आहे, आणि मला हे सोमवारी कळलं. राग येण्याचं पहिलं कारण मीच.

माझ्याकडे तपासायला एका वाफेच्या टाकीचा अहवाल आला होता. तापमान चारशे अंश. लायब्ररीचं उत्तर ११.६, म्हणजे बारा मिलिमीटरचा पत्रा. मला बारा कमी वाटला. का वाटला ते सांगता येणार नाही. भांडं हातात घेतल्यावर हलकं वाटतं तसं. मी कपाटातलं जुनं पुस्तक काढलं, त्यातलं पान उलटलं, आणि हाताने गणित केलं. १५.७ आलं. म्हणजे सोळा.

मग अहवालाच्या वर गिऱ्हाइकाचं नाव पाहिलं, आणि ऑफिसातला पंखा फिरायचा थांबल्यासारखं वाटलं. त्या कारखान्यात माझा धाकटा भाऊ पाळीवर ऑपरेटर आहे. नकाशात टाकी आणि तो बसतो ते कंट्रोल पॅनेल यांच्यामधलं अंतर दिलेलं होतं. साडेतीन मीटर.

मी फंक्शनमध्ये दोन ओळी घातल्या. तापमान तक्त्याच्या बाहेर गेलं तर थांबायचं आणि सांगायचं: तक्ता तीनशेला संपतो, पुढचं मला माहीत नाही. लायब्ररीच्या आयुष्यातलं ते पहिलं खरं वाक्य असावं.

मंगळवारी सकाळी साहेबांनी बोलावलं.

“मॅडम, अकरा कामं अडलीत.”

“अडली नाहीत साहेब, सापडलीत. अकराच्या अकरा तीनशेच्या वरची आहेत.”

“काल चालत होती.”

“काल चुकत होती.”

“टेस्ट पास होत होती की.” साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

टेस्ट, म्हणजे फंक्शनचं उत्तर बरोबर आहे का ते बघणारी तपासणी, खरंच होती. चारशे अंश दिल्यावर ताणाचा आकडा १३६, म्हणजे तीनशेचाच, आला पाहिजे, असं लिहिलेलं, आणि पुढे कॉमेंट: ‘तपासले’. कुणी तपासलं? फंक्शनला विचारून जे उत्तर आलं तेच टेस्टमध्ये उतरवून घेतलं होतं. पंचनामा चोरानेच सांगावा आणि आपण तो सुवाच्य अक्षरात लिहून घ्यावा, तशातला प्रकार.

“साहेब, चारशेला खरा आकडा शंभरच्या आसपास आहे. पुस्तकात आहे.”

“पुस्तक जुनं आहे.”

“पोलादही जुनंच आहे.”

साहेब हसले. ते चिडत नाहीत, हीच पंचाईत आहे. चिडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. “तुमचं म्हणणं मी नाकारत नाही,” ते म्हणाले, “पण हे बदललं तर आधीचे सगळे अहवाल पुन्हा काढावे लागतील. लोक विचारतील, तेव्हा काय झोपला होतात का?”

“झोपलोच होतो.”

“झाकली मूठ, मॅडम.”

“त्या मुठीत माझा भाऊ आहे.”

यावर त्यांनी स्क्रीन परत स्वतःकडे वळवली, आणि मला वाटलं मी जिंकले. त्यांनी आमच्या शांतिदूताला बोलावलं. शांतिदूत म्हणजे शेजारच्या टेबलावरचा वरिष्ठ इंजिनियर. ऑफिसात कुठेही दोन आवाज चढले की हा मध्ये येतो, आणि दोघांचंही अर्धं अर्धं नुकसान करून जातो. त्याने तोडगा काढला. प्रोग्रॅम थांबवायचा नाही, पण पिवळ्या अक्षरात सूचना द्यायची: आकडा तक्त्याबाहेरचा आहे. साहेब हो म्हणाले. मीही हो म्हणाले, कारण बैठकीला दीड तास झाला होता आणि दीड तासाने माणूस कशालाही हो म्हणतो.

दुपारी सूचना अहवालांत छापून येऊ लागली. जेवणानंतर कुणीतरी म्हणालं, पिवळं फार दिसतं. चार वाजता युटिल्समध्ये एका नव्या फंक्शनची भर पडली होती. त्याचं नाव ‘सूचना लपव’. सुबक लिहिलेलं होतं. त्याला टेस्टही होती, आणि ती पास होत होती.

वाफेच्या टाकीच्या त्या अहवालावर मी सही केली नाही. साहेबांना ईमेल लिहिली, पुस्तकातल्या पानाचा फोटो जोडला. उत्तर आलं, ‘नोंद घेतली.’ मी ऑफिसात मोठ्याने विचारलं की नोंद कुठे घेतली ते तरी दाखवा. बुधवारी सही शांतिदूताने केली आणि अहवाल गेला.

“तुला लाज नाही वाटत?” मी त्याला विचारलं.

“मॅडम, माझ्या सहीने पत्रा पातळ होत नाही.”

“जाडही होत नाही.”

“मग झालं तर. सहीचा काही संबंधच नाही.” तो असं बोलतो तेव्हा त्याचा चेहरा खरोखर निष्पाप असतो. मी माझा कप त्याच्या टेबलावर आपटला. कप माझाच होता, फुटला.

भाऊ माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. गुरुवारी त्याच्याकडे जेवायला गेले आणि सगळं सांगितलं. तो पोळीचा तुकडा हातात धरून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने तो खाल्ला.

“ताई, टाकी येऊ दे तर खरं. यायची म्हणून वर्षभर ऐकतोय.”

“आली की तू त्या पॅनेलवर बसायचं नाहीस.”

“मी कुठे बसायचं ते सुपरवायझर ठरवतो. त्याला काय सांगू, माझ्या बहिणीचा एका फंक्शनवर विश्वास नाही?”

“हो. हेच सांग.”

“लहानपणी जिन्याखाली भूत आहे म्हणून घाबरवायचीस, आता टाकीत आहे म्हणतेस.”

“भुताला गणित लागत नव्हतं. हे मी गणित करून सांगतेय.”

तो हसला, आणि मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, चाळिशीच्या माणसाच्या. ऑफिसात सगळे अकलेचे कांदे, आणि ज्याच्यासाठी भांडतेय तो पोळी खातोय. भावजय मात्र हसली नाही. ताटं उचलताना ती ओट्याशी थांबली आणि हळूच म्हणाली, “ताई, खरंच फुटेल का हो?”

“पहिल्या दिवशी नाही.”

हे मी धीर द्यायला म्हटलं. तिने नळ सोडला आणि पाठ फिरवली.

शुक्रवारी मी कारखान्याला फोन केला. त्यांनी मला खरेदी विभागाकडे दिलं, खरेदीने सुरक्षा विभागाकडे, आणि सुरक्षेच्या माणसाने अतिशय आदराने सांगितलं की जाडीबद्दलची तक्रार त्यांना आमच्याच कंपनीमार्फत, साहेबांच्या सहीने हवी. मी फोन ठेवला आणि टाकी बनवणाऱ्या वर्कशॉपचा पत्ता शोधला. पत्रा तिथे कापला जातो. कापायच्या आधी गाठलं तर गाठलं.

शनिवारी सकाळी पुस्तक काखेत मारून मी वर्कशॉपमध्ये गेले. बसमध्ये बोलायची वाक्यं तयार केली होती. त्यातली निम्मी अशी होती की नोकरी गेलीच असती, आणि जाऊ दे म्हणूनच ती तयार केली होती. आत वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. फोरमन म्हणून जो पुढे आला तो गुडघ्याला पट्टा बांधलेला, जाडजूड, साठीकडे झुकलेला माणूस होता.

“वाफेची टाकी, चारशे अंशांची,” मी म्हणाले. “पत्रा कापलात?”

“कापला, वाकवला, जोडला. गिऱ्हाइकाला घाई, बुधवारपासून रात्रंदिवस काम चाललंय. ती काय उभी आहे.”

टाकी उभी होती. रंग तेवढा लावायचा होता. आमचा नकाशा खांबाला चिकटवलेला, त्यावर शांतिदूताची सही, आणि जाडीच्या चौकोनात बारा. माझी तयार वाक्यं कुठे गेली कुणास ठाऊक. मी पुस्तक उघडून फोरमनसमोर धरलं आणि तक्ता, झेरॉक्स, पाहुण्यांसमोर न रडणं, पिवळी सूचना, साडेतीन मीटर, सगळं एका दमात बोलले. आवाज चढला असावा, कारण दोन वेल्डरांनी मुखवटे वर केले. शेवटी मी म्हणाले, “ही टाकी इथून हलली तर मी फाटकात आडवी पडेन.”

फोरमनने सगळं ऐकून घेतलं. मग खिशातून जाडी मोजायचं छोटं यंत्र काढलं, टाकीला लावलं आणि माझ्यापुढे धरलं.

१६.१.

मी दुसऱ्या जागी लावायला सांगितलं. १६.१. मग यंत्र स्वतःच्या हातात घेतलं आणि खाली लावलं. १६.०.

“हे गणित तुम्हाला कुणी दिलं?” मी विचारलं.

“कसलं गणित?”

“बाराऐवजी सोळा का लावला?”

“जाड लावला तर कुणी भांडायला येत नाही,” तो म्हणाला. “आजवर तरी नव्हतं आलं.” मग त्याने स्टोअरच्या दाराकडे बोट केलं. बाराचा पत्रा संपला होता.