पोपटाच्या तोंडचं वाक्य

मोबाइल गेममधल्या पोपटाची वाक्यं लिहायची, ही माझी नोकरी. कोणी गेम बंद करू लागलं की पोपटाने गळ घालायची आणि विरघळलेल्या माणसाने त्याला दाणे विकत घ्यायचे. माझं एक वाक्य इतकं चाललं की साहेब हवेत तरंगायला लागले. डोंबलाचं माझं! मी घरून निघालो की आई दारात जे म्हणायची, तेच उचललं होतं.

परवा कित्येक महिन्यांनी घरी गेलो. आई मोबाइलमध्ये डोकं खुपसून पोपटाला दाणे घेत होती. शेवटी मी बूट चढवले. मला सोडायला उठताना तिने गेम बंद करायला बोट नेलं.

"एवढ्यात निघायचं? बस ना जरा," पोपट म्हणाला.

आई बसली.