तुपातला गिअर

"ताई, जे आधी निघंल ते शेवटी बसवायचं. अन् ग्रीस लावताना हात आखडता घेऊ नका."

कमरुद्दीनचाचांचं हे सांगणं धनश्रीताईंनी गुरुवारी दुपारी स्तोत्रासारखं चारदा घोकलं आणि मग पाना हातात घेतला. राजुरातलं आपलं गॅरेज बंद करून चाचा भाचीच्या लग्नाला गेले होते. बुधवारी जाताना त्यांनी गिअरच्या दांड्याच्या बुडाशी बसणारं प्लास्टिकचं नवं बुश आणि ग्रीसची डबी ताईंच्या हातावर ठेवली होती. ताईंच्या गाडीचा तो दांडा महिनाभरात इतका खिळखिळा झाला होता, की दुसरा गिअर शोधावा तर चौथा सापडायचा. आणि शुक्रवारी सकाळी दहाला शेजारच्या छबूबाईंना कोल्हारला न्यायचं कबूल केलेलं.

छबूबाईंची थोरली बहीण तिथं अंथरुणाला खिळली होती, आणि छबूबाईंचे गुडघे एसटीची पायरी चढू देत नव्हते. ताईंनी आधी दोनदा दिवस ठरवून दोनदा मोडला होता. एकदा उपवासानं चक्कर आली म्हणून, एकदा पारायण लांबलं म्हणून. देवाला दिलेला शब्द ताईंनी कधी मोडला नव्हता. छबूबाईंना दिलेला मात्र जरा वाकायचा.

दांड्याची मूठ फिरवून काढली, त्याच्याभोवतीची रेक्झिनची पिशवी वर सरकवली, स्क्रू सोडवले, खालचं लॉक उचकटलं, तेव्हा दांडा टोकाच्या गोळ्यासकट हातात आला. जुन्या बुशचा भुगा झाला होता. नवं बुश बसलं. ग्रीसची डबी उघडली आणि ताईंचा हात थांबला. गुरुवारचं व्रत, आणि ग्रीसमध्ये चरबी असते असं कुणीसं कधीतरी म्हटलेलं. चाचांना विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं. पण ताईंचा स्वभाव असा, की शंका मनात ठेवायची आणि तिचा नियम करायचा.

त्या आत जाऊन देवघरातली तुपाची वाटी घेऊन आल्या. दांडा उलट्या क्रमानं बसला आणि असा मऊ फिरायला लागला, की ताईंना स्वतःचं कौतुक आवरेना.

"अहो, शुद्ध असलं की सगळं चालतं," त्या यजमानांना, रामहरींना, म्हणाल्या.

रामहरी गाडीत डोकावले. "वास चांगला येतोय. जेवायला कधी वाढतेस?"

चैत्राचं ऊन, काचा बंद, गाडी अंगणात. शुक्रवारी नऊला दार उघडलं तर तूप वितळून खालच्या गालिच्यापर्यंत ओघळलेलं, आणि दांडा काळा. नीट पाहिलं तर तो काळा रंग चालत होता. मुंग्या.

मुंग्यांना रोज सकाळी चिमूटभर साखर घालायचा ताईंचा अकरा वर्षांचा नेम. त्यांना झटकायचं तरी कसं?

"अकरा वर्षं जेवायला घालतेस," रामहरी म्हणाले, "मग पत्ता विचारत आल्या त्या."

ताईंनी चाचांना फोन लावला. पलीकडं सनई वाजत होती.

"तूप?" चाचा म्हणाले. "ताई, लाडू वळायचे हुते का?"

"पुसून कसं काढू?"

"पेट्रोलचा बोळा फिरवा."

"मुंग्या मरतील ना, चाचा."

"मग गाडी त्यांच्या नावावर करा."

ताईंनी खाली मान घालून, अगदी हळू आवाजात, बुधवारी विचारायचं राहिलेलं ग्रीसमधल्या चरबीचं विचारलं.

"या डबीत? घासलेटाच्या भावकीतलं हाय ते. बकरं न्हाई त्यात. आदी विचारायचं की हो."

दहा वाजले. छबूबाई नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन समोरच्या ओट्यावर बसल्या होत्या. ताईंनी तिथं जाऊन सगळं सांगितलं, तुपासकट. व्रताची आणखी काही ढाल पुढं करावी असं एकदा ओठावर आलं, ते गिळलं.

"असूंदी," छबूबाई म्हणाल्या. "मुंग्यांचं हुईस्तवर बसते मी. पन ताई, आज न्हाई म्हनू नका. काल ती फोनवर माझं नावच इसरली हुती."

ताईंनी कागदावर गुळाचा खडा ठेवून तो दांड्याला टेकवला, आणि कागद मुंग्यांनी भरला की जास्वंदीखाली नेऊन ठेवला. सहा खेपा झाल्या. रोजच्या जपाची वेळ आली आणि गेली. रामहरींनी घड्याळाकडं बोट दाखवलं. ताईंनी कागद पुन्हा दांड्याला टेकवला. शेवटची मुंगी उतरल्यावर दांडा पुन्हा खोलला, बोळ्यानं लख्ख पुसला, आणि डबीत दोन बोटं खुपसून ग्रीस भरपूर माखलं. नखांत गेलं, बांगड्यांना लागलं, पदरालाही.

साडेबारा वाजता त्यांनी छबूबाईंना दंडाला धरून गाडीत बसवलं. पहिला टाकला, दुसरा टाकला. दुसरा दुसराच निघाला. मग आरसा नीट करून त्यांनी गाडी कोल्हारच्या रस्त्याला लावली.