अर्धं रिव्हॉल्व्हर

शेजारच्या आर्विडनं माझं कुंपणाची तार ताणायचं यंत्र आपणहून परत आणून दिलं, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. आमच्या खोऱ्यात उसनं नेलेलं अवजार मागितल्याशिवाय कोणी परत करत नाही. मागितलं तरी एखादा हिवाळा सहज जातो. त्यानं तर ते घासूनपुसून, तेलपाणी करून आणलं होतं. "राहून जायला नको," एवढंच बोलला आणि कॉफीलाही न थांबता गेला. आर्विड, आणि कॉफी नको म्हणतो!

त्याची बायको लॉर्ना वसंतात वारली. शरदात त्यानं वासरं विकली, ती दरवर्षीच विकतो. पण पाठोपाठ गाईही विकल्या. रायफली पुतण्याला दिल्या, कुत्री टेकडीपलीकडच्या एका कुटुंबाला. मग हे यंत्र. आता त्याच्या घरात एकच हत्यार उरलं होतं, पंचेचाळीस कॅलिबरचं जुनं रिव्हॉल्व्हर, आणि ते त्याच्याजवळ राहू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ तुडवत त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"तुझं ते रिव्हॉल्व्हर विकतोस का?"

"तुला कशाला?"

"अस्वल येतंय. कोठारामागे."

"डिसेंबर लागलाय, वेंडेल. अस्वलं घोरत पडलीत. तू झोपेत चालतोस की ती?"

खोटं बोलायचं तर निदान ऋतू बघून तरी बोलावं. मी आत जाऊन बसलो.

त्यानं ड्रॉवरमधून फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर काढलं. बाजूची झडप उघडून चक्र एकेक घर फिरवत गेला. टेबलावर पाच गोळ्या पडल्या. सहावं घर रिकामंच, ठोका देणाऱ्या घोड्याखालचं. या जुन्या बनावटीत ते रिकामं ठेवावंच लागतं, नाहीतर नुसत्या धक्क्यानंही गोळी सुटते. मग रिकामं रिव्हॉल्व्हर माझ्यापुढे सरकवलं.

"बघ की हातात घेऊन. घेणारा माणूस आधी नावं ठेवतो. तू नुसता माझं तोंड बघतोयस."

मी अंगठ्यानं घोडा मागे ओढला. याला दरवेळी तसं करावं लागतं, नुसता चाप दाबून भागत नाही. "चक्र डुगडुगतंय जरा," मी म्हणालो.

"तुझे दात डुगडुगतायत. किती देशील?"

मी आकडा सांगितला. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"अरे, एवढ्यात नवं येईल!"

"मला जुनंच हवंय."

शेगडीत लाकूड तडकलं. त्यानं फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"कोणी पाठवलं तुला?"

"तारेच्या यंत्रानं."

यावर तो हसेल असं मला वाटलं होतं. हसला नाही. "काही ठरवलं नव्हतं रे मी," तो म्हणाला. "पण ते त्या ड्रॉवरमध्ये आहे, हे दिवसभर माझ्या डोक्यात असतं. भांडी घासतानासुद्धा."

"म्हणूनच दे. मला भीती वाटते, आर्विड. तू गेलास तर मी भांडू कोणाशी?"

त्यानं मान हलवली. मला वाटलं, झालं काम. मी खिशात हात घातला, तेवढ्यात तो म्हणाला, "आणि तुझ्याकडून कोण विकत घेणार?"

बायको मला सोडून गेली त्याला जमाना झाला. मुलगी टेक्सासमध्ये, नाताळला फोन करते. एरवी माझा फोन वाजला तर समजावं, कोणाचा तरी नंबर चुकला. शेजाऱ्याच्या घरातला अंधार बघायला मी एवढा बर्फ तुडवत आलो होतो, आणि माझ्या घरातही दिवा लावायला दुसरं कोणी नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला एकदम फार एकटं वाटलं.

आर्विडनं नळीखालची खीळ ओढली. चक्र सुटून त्याच्या तळहातावर आलं, ते त्यानं शर्टाच्या खिशात टाकलं. उरलेला सांगाडा आणि पाच गोळ्या माझ्यापुढे ठेवल्या.

"हे तुझं, हे माझं. रविवारी तुझा भाग घेऊन ये. तेल द्यावं लागतं."

"दर रविवारी?"

"जुनं आहे. गंज चढतो."

"आणि पैसे?"

"अर्ध्या रिव्हॉल्व्हरचे कसले पैसे? येताना कॉफी आण. माझी संपलीय."

परत पाजायला घरात नाही, म्हणून काल माझ्याकडे प्यायला नाही तो, असं मनात आलं; पण ते खरं नव्हतं, आणि आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं. मी कोट चढवला. दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला.

"ते यंत्रही आण. उत्तरेकडचं कुंपण पडलंय."

"गाई विकल्यास ना? कुंपण काय चाटायचंय?"

"तुझ्या गाई येतात माझ्या रानात चरायला. मालकासारख्याच, न विचारता."

मी दारातूनच ओरडलो.

"आणतो! पण पुन्हा आपणहून परत केलंस, तर याद राख!"